विमलकाकींचा हँडब्रेक

पूर्णगडच्या विमलकाकींनी चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि छप्पन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. मुंबईची नोकरी संपवून धोंडूकाका घरी परतले, तर अंगणात जुनी पांढरी गाडी आणि स्टिअरिंगवर बायको! बिचाऱ्यांना आपण आपल्याच घरी आलोय हे पटायला महिना गेला.

पण खाऱ्या वाऱ्याने मागचे ब्रेक गंजले. गेल्या सोमवारी काकी घाटीच्या चढावर हँडब्रेक ओढून मासे घ्यायला उतरल्या आणि गाडी निघाली की मागे मागे, काकी तिच्यामागे धावताहेत तोवर थेट शेजाऱ्यांच्या दगडी गडग्यात! माणूस कुणी नव्हता म्हणून बरं. धोंडूकाकांनी त्याच संध्याकाळी पावस गावचं गिऱ्हाईक ठरवलं.

"रविवारी दहाला माणूस येतोय. गाडी जाणार म्हणजे जाणार."

"आणि ब्रेक मी दुरुस्त केला तर?"

"तू?" काका इतके हसले की चहा नाकात गेला. "कर गो कर. घाटीवर उभी करून दाखव. बोटभर जरी मागे आली, तरी विकली."

"कबूल!" काकी म्हणाल्या. गाडी गेली तर पुन्हा एसटीची वाट बघणं आणि पुन्हा 'कुणी रत्नागिरीला जातंय का हो?' ते दिवस त्यांना नको होते.

मग काय, पदर खोचला. रत्नागिरीच्या हर्षदच्या सुट्या भागांच्या दुकानातून रबरांचं किट आणलं, मोबाइलवर व्हिडिओ लावला, जॅक चढवून खाली ओंडके सरकवले. ब्रेकचा तो लोखंडी जबडा, कॅलिपर, सोडवून पडवीत आणला. आतला पिस्टन ओढून निघेना, तो पक्कडीने फिरवत काढावा लागला. गंज घासून घासून हाताची सालं निघाली. शिवणकाम करणाऱ्या बाईला रबरी कडं खाचेत बसवणं म्हणजे गळ्याला पायपिंग लावण्याइतकंच सोपं. पण कडं सरकेना, म्हणून काकींनी हात लांबवून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि सोडले चार थेंब. सवयच ती!

दुसऱ्या दिवशी बघतात तर कडं भिजवलेल्या वालासारखं फुगलेलं.

"काकी, मशीनचं तेल?" फोनवर हर्षद किंचाळला. "त्या रबराला ब्रेक ऑइलच लागतं!"

काकींनी कपाळावर हात मारला. स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, अगदी मासळीबाजारातल्या. शनिवारी दुपारच्या एसटीने नवं किट आलं आणि दोन्ही चाकांचे ब्रेक संध्याकाळपर्यंत जुळले.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पाइपातली हवा काढायला एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून नट सोडायचा. दुसरं माणूस घरात कोण? तर गाडी विकायला निघालेलं!

रविवारी सकाळी काका तोंड वाकडं करून गाडीत बसले.

"दाबा!"

"दाबलंय."

"धरा! सोडू नका हां!"

"धरलंय गो, ओरडतेस कशाला?"

तासभर हेच. पण काकांनी एकदाही पेडल वेळेआधी सोडलं नाही. काकींना त्याचं नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

साडेनऊला गाडी घाटीवर. काकींनी देवाचं नाव घेतलं, हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हलली नाही! टाळ्या पिटत त्या खाली उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मागच्या चाकामागे हा एवढा जांभा दगड ठेवलेला. शेजारी धोंडूकाका समुद्राकडे बघत उभे.

"हे काय हो?"

"असू दे." काका पुटपुटले. "त्या दिवशी तू पळत्या गाडीमागे धावलीस, तेव्हा माझा जीव गेला होता. म्हणून विक म्हणत होतो. पण आठवडाभर तुझे हात बघतोय... राहू दे गाडी."

काकींचे डोळे भरून आले. पण राग त्याहून मोठा. "म्हणजे माझा ब्रेक धरणार नाय, हे तुम्ही धरूनच चाललात? काढा तो दगड!"

"अगो, पण..."

"काढा म्हणते ना!"

काकांनी आधी काकींना हाताला धरून बाजूला ओढलं, मग लांबूनच काठीने दगड ढकलला. तो अलगद सरकला. चाक त्याला टेकलंच नव्हतं.

गाडी तशीच उभी राहिली.  मग काकांनी खिशातून फोन काढून पावसच्या गिऱ्हाइकाचा नंबर लावला.

"येऊ नका हो. गाडी माझी नाय, बायकोची आहे. ती विकत नाय."