जर्मनचे डबे

आमच्या घरात जर्मनचं भांडं नाही. एकही नाही. सुनेनं एकदा पातेलं आणलं, तर मी ते दुकानात परत करायला लावलं — म्हातारा चळला, असं वाटलं असणार तिला. वाटू दे. खरं कारण मी बायकोला सांगितलं नाही. मिशनच्या देवळात गुडघे टेकून देवालाही धड सांगितलं नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय. तुमच्यापाशीच का? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल.

आधी एक समजून घ्या. आम्ही नगरकडची माणसं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतो. जर्मनचं ताट, जर्मनची किटली. त्याचा त्या देशाशी काय संबंध, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण म्हणतो आपलं.

साहेबाचं नाव कुन्झ. लोकांनी त्याचं कुंजसाहेब केलं. स्वित्झर्लंडचा माणूस. पुलांची, गोदामांची कंत्राटं घ्यायचा, आणि त्यातून वेळ काढून तंबूत सिनेमा दाखवायचा — शेवगावच्या बाजारात, मिरजगावच्या बाजारात. नगरात पक्कं थेटर बांधायला घेतलं होतं, भिंती छपराला टेकल्या होत्या. मी त्याचा दुभाषा. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, म्हणून गवंडी आणि साहेब यांच्या मधे मी. साहेब मला 'माझी जीभ' म्हणायचा. जीभ! ऐका आता तिची करणी.

राहुरीकडं पूल बांधताना साहेबानं कामाची फिल्म काढली होती. मुख्य खेळाच्या आधी ती दाखवायचा. पडद्यावर आपला गवंडी घमेलं घेऊन चाललाय म्हटल्यावर तंबूत काय शिट्ट्या! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. टिनाला गंज चढतो म्हणून साहेबानं रिळांना जर्मनचे डबे करून घेतले होते. यमुनाबाई — साहेबाची स्वयंपाकीण, मिरजगावची — ते डबे चिंचेनं घासून असे लखलखीत ठेवायची, की तोंड बघून घ्यावं.

मग इंग्रजांची जर्मनांशी लढाई लागली. नगरच्या छावणीत तारेचं कुंपण घालून जर्मन लोक आणून ठेवले. साहेबाची घरची बोली जर्मनच. तो म्हणायचा, बोली तीच, देश निराळा. आम्हाला पटायचं, शेवगावच्या पलीकडं निजामाच्या हद्दीत लोक मराठीच बोलायचे की. पण सरकारला कोण पटवणार?

मी भित्रा. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही? गल्लीत पोलीस दिसला तरी मी दुसऱ्या बोळानं जायचो. आणि त्या दुपारी गोरा अधिकारी थेट बंगल्यात आला, बरोबर दोन पंजाबी शिपाई. साहेब राहुरीला कामावर. घरात यमुनाबाई आणि मी. अधिकारी मला म्हणाला, कुन्झबरोबर जे जे होते त्यांचीही चौकशी होणार. बस्स. पाचावर धारण बसली माझी. कुंपणाची ती तार माझ्या अंगाभोवती आवळतेय असं वाटायला लागलं.

अधिकाऱ्यानं माझ्यामार्फत यमुनाबाईला विचारलं, कोठीत काय आहे. बिचारी सरळ बाई.

"काय न्हाई वो. जर्मनचे डबे हायेत. रोज पुसून ठिवते मी."

अधिकाऱ्यानं तेवढा एकच शब्द उचलला. मान झटक्यात वर. जर्मन?

त्याला आमची भाषा येत नव्हती. पंजाब्यांना येत नव्हती. त्या खोलीत तो शब्द मला आणि यमुनाबाईलाच कळत होता, आणि तिला इंग्रजी कळत नव्हतं. एक वाक्य, हो, एकच — साहेब, या धातूला इथं जर्मन म्हणतात. येत होतं मला ते इंग्रजीत. ओठापर्यंत आलंही. मग वाटलं, हा म्हणेल, तू त्याची बाजू घेतोस?

अधिकारी म्हणाला, विचार तिला, ते जर्मन आहेत का.

आणि मी विचारलं — देवा रे — मी विचारलं, "डबे जर्मनचेच ना, बाई?"

"व्हय! समदे जर्मनचे!" ती हसून म्हणाली. तिला वाटलं, घासण्याचं कौतुक चाललंय.

मी म्हणालो, "येस सर." शब्दाला शब्द दिला. लोक ध चा मा करतात. मी एक अक्षर बदललं नाही. डबे उघडले, तर आत पुलाची फिल्म. मग काय विचारता, साहेब हेर ठरला!

साहेबाला राहुरीहूनच नेलं. मला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन खुलासा करता आला नसता? आला असता. सायकल काढली होती. छावणीचं फाटक दिसलं, पहाऱ्याचा शिपाई दिसला, आणि सायकल वळवली. पुढं रोज म्हणायचो, उद्या जाईन. थेटराच्या भिंतींवर तरवड उगवला, तरी माझा उद्या काही उजाडला नाही. यमुनाबाई भेटली की विचारायची, "मी काय वंगाळ बोलले का वो?" मी म्हणायचो, नाही बाई. पण ते असं म्हणायचो, की तिचा संशय जायचा नाही. गेली बिचारी तो संशय घेऊनच.

लढाई संपल्यावर साहेब घरी आला माझ्या. मायदेशी चालला होता, निरोप घ्यायला आला. केस पांढरेफेक, कॉलर मानेभोवती सैल. माझा हात धरून बसला, म्हणाला, तुला माझ्यामुळे त्रास झाला असेल. माझ्यामुळे! मी खाली मान घालून बसलो.

आतून बायकोनं हाक मारली, "अवो, जर्मनची किटली तेवढी उतरवा, माझे हात पिठाचे हायेत."

साहेब थांबला. मराठी त्याला मोडकी यायची, पण डब्यांवरून चौकशीत तो शब्द त्याला शंभरदा ऐकवला असणार. मी किटली घेऊन बाहेर आलो, तेव्हा तो माझ्याकडं नाही, किटलीकडं बघत होता. बोटानं हळूच टकटक केलं तिच्यावर.

"जर्मन?"

"हो," मी म्हणालो. "ॲल्युमिनियमला म्हणतात."

त्यानं विचारलं, तेव्हा तुला हे माहीत होतं?

मी 'नाही' म्हणालो.

नगरचा माणूस, आणि जर्मन म्हणजे काय ते माहीत नाही! साहेबानं मान हलवली, चहा पुरता प्याला, कप नीट बशीत ठेवला, बायकोला नमस्कार केला आणि गेला. पुन्हा त्याची खबर नाही.

कुंजसाहेब, माहीत होतं.