बुटकीचे ब्रेक

आमच्या ह्यांना गाड्यांचं वेड आहे, असं सगळे कौतुकाने म्हणतात. साफ खोटं. ह्यांना वेड आहे ते गाड्यांना नावं ठेवायचं. रस्त्यावरून नवीकोरी गाडी गेली की लोक म्हणतात, काय सुंदर आहे! हे म्हणतात, "मागची चाकं बघ, जरा भार पडला की बसणार." कुणाच्या लग्नाला गेलो तर नवरा-नवरी राहतात बाजूला, हे कंबर धरून सजवलेल्या गाडीच्या खाली वाकून बघतात. मी मग आपली ओळख नसल्यासारखी लांब उभी राहते.

हायवेवरच्या पोलीस गस्तीत ह्यांनी अर्धं आयुष्य काढलं. कंबर कामातून गेली तेव्हा खात्याने ह्यांना गस्तीच्या ड्रायव्हरांना शिकवायला बसवलं, आणि तेव्हापासून हे सगळ्यांचे मास्तर झाले. मास्तरही असे, की पोरांना घाम फुटावा. एकच धडा रोज: गाडीला दोष देण्याआधी आपल्या पायाला विचार. वळणावर गाडी घसरली आणि पोरगा "टायर गुळगुळीत होते, मास्तर" म्हणाला की संपलं. "खापर फोडायला गाडी सापडली का? जा, बस पकड आणि घरी जा." असे किती घरी पाठवले असतील, देव जाणे. आमच्या क्वार्टर्सच्या मागेच सरावाचं मैदान आहे, त्यामुळे हे सगळं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मधली भिंत जरा जाड बांधली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आणि ह्याच मास्तरांच्या हाताखाली आमची एकुलती एक मुलगी शिकली. घरात तिला चिमणी म्हणतात. दारातून शिरताना मान वाकवावी लागते एवढी उंच चिमणी. ह्यांनी तिला इतरांपेक्षा दुप्पट झापलं, म्हणून ती इतरांपेक्षा दुप्पट चांगली ड्रायव्हर झाली आणि गस्तीत गेली.

मग एक चोर पळाला. लांबलचक गाडी घेऊन हायवेवरून सुसाट गेला, आणि आपली गस्तीची गाडी मागून धापा टाकत राहिली. कुणीतरी पुलावर उभं राहून ते सगळं फोनवर टिपलं. जो तो हसायला लागला. गस्तीचे प्रमुख, म्हणजे मोठे साहेब, असे चिडले की त्यांनी नव्या वेगवान गाड्या घ्यायचं ठरवलं आणि निवडायच्या समितीत ह्यांनाही घेतलं. मला वाटलं, चला, आता नावं ठेवायचा सरकारी हुकूमच निघाला. पण हे गप्प गप्प राहायला लागले. जी गाडी निवडली जाणार ती चिमणीच्या हातात येणार होती. हे बोलले नाहीत, पण एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचं न बोललेलंच जास्त कळतं.

तीन गाड्या आल्या. मला त्यांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. एक ठेंगणी, चकचकीत, जमिनीला चिकटलेली, ती बुटकी. दुसरी मोठी, चौकोनी, मागे ऐसपैस जागा असलेली, ती पेटी. तिसरीचा दरवाजा पहिल्याच दिवशी लागेना, त्यामुळे हे तिला नावं ठेवायच्या आत ती परतही गेली. बुटकी वाऱ्यासारखी पळायची. साहेब तिच्यावर लट्टू झाले. खरं सांगायचं तर मलाही तीच आवडली होती. पेटी दिसायला अगदीच फळकूट.

एका दुपारी मी भांडी आवरून हात पुसत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "जरा ये. ह्या खुर्चीत बस." बघते तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना घोंगड्यांच्या गुंडाळ्या खोचलेल्या. ह्यांनी आपला जुना गस्तीचा पट्टा माझ्या कमरेला बांधला, बेड्या, बॅटरी, दांडका, वायरलेस, सगळ्या लवाजम्यासकट.

"आता उठ. बस. उठ."

"अहो, काय चुकलं माझं? उठाबशा कसल्या काढायला लावताय?"

"उठ गं एकदा पटकन!"

मी पटकन उठले आणि दांडका गुंडाळीत अडकून खुर्चीच माझ्याबरोबर उठली. मला हसू आवरेना. हे हसले नाहीत. "बघितलंस? बुटकीच्या सीटच्या कडा अशा उंच आहेत. समोरच्या गाडीतला माणूस दार उघडून पळाला तर आमची पोरं सीटसकट मागे धावणार."

मग खुर्चीवर टेकून ह्यांनी सगळी मळमळ ओकली. गस्तीची गाडी दिवसभर उभी असते, भर उन्हात, दिवे लावून, इंजिन चालू ठेवून. मग एकदम सुटते आणि लगेच थांबते, पुन्हा सुटते, पुन्हा थांबते. पोटात अपघाताचं सामान: स्ट्रेचर, रस्त्यावर मांडायचे शंकू, पत्रा कापायचं यंत्र, आग विझवायचं नळकांडं. आणि हे समितीवाले सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी पळवतात आणि टाळ्या वाजवतात. "पळणाऱ्याला कोणीही गाठेल," हे म्हणाले. "गाठल्यावर थांबता आलं पाहिजे ना?"

"मग हे साहेबांना सांगा. मला काय सांगताय?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. ह्यांना सांगता येत नाही, फक्त भांडता येतं. समितीत ह्यांनी टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हाला गाडी हवी आहे की बैलगाडी?" पण साहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी ह्यांचं म्हणणं मान्य केलं: दोन्ही गाड्या सामानाने भरायच्या, भर दुपारी पळवायच्या, आणि रेषेवर पुन्हा पुन्हा करकचून थांबवायच्या. ड्रायव्हर कोण, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे कुणी वशिल्याचं बोलायला नको.

बुटकीसाठी चिठ्ठी निघाली चिमणीची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भरलेल्या गाडीत, भर उन्हात बुटकीचे ब्रेक तापून दगा देणार, याची ह्यांना खात्री होती. चाचणीच्या दिवशी हे पानावर बसून नुसता घास चिवडत राहिले. मी म्हटलं, "अजून वेळ आहे. साहेबांना सांगा, दुसरा ड्रायव्हर द्या."

"आणि दुसऱ्या कुणाची पोर बसवू?"

मला इतका राग आला! उत्तर बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

आमच्या जिन्याच्या खिडकीतून मैदान दिसतं. पेटी आधी धावली, कुरकुरत, हत्तीच्या चालीने, पण प्रत्येक वेळी रेषेवर थांबली. मग बुटकी. काय पळत होती! पहिल्यांदा थांबली, दुसऱ्यांदा थांबली, रेषेच्या आत. मैदानावरची पोरं शिट्ट्या मारत होती. मग चाकांतून निळसर धूर यायला लागला आणि जळका वास थेट माझ्या खिडकीपर्यंत आला. पुढच्या फेरीला गाडीने नाक खाली घातलं, पण थांबली नाही. रेषा ओलांडली, शंकू उडवले आणि वाळूच्या ढिगातून पलीकडे रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली.

मी जिना कशी उतरले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा चिमणी आपल्या पायांवर उभी होती, केसांत वाळू, ओठ पांढरे. कमरेने अधू असलेले हे माझ्या आधी तिथे पोचले होते. ह्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. काही मोडलेलं नाही हे कळलं आणि मग ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आता सगळ्यांना कळेल, असं. त्या क्षणी मला ह्यांना चांगलं गदागदा हलवावंसं वाटलं.

साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

चिमणी ताठ उभी राहिली. "माझी चूक, साहेब. ब्रेक उशिरा दाबला."

"नाही!" हे ओरडले. "ब्रेक तापून गेले, साहेब. वास येत नाही का तुम्हाला?"

"मास्तर, गाडीत तुम्ही होता की ती?" साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बापाचं मन मला कळतं." ह्यांना शिवी परवडली असती.

गॅरेजवाल्यांनी तपासलं तोवर ब्रेक थंड झाले होते, आणि थंड झालेले ब्रेक ठणठणीत असतात. धूर आणि वास टायर घासल्याचा, म्हणाले. गाडीचं तोंड चेपलेलं, त्यामुळे पुन्हा पळवायचा प्रश्नच नव्हता. खुद्द ड्रायव्हर सांगते चूक माझी, मग गाडीला कोण नापास करणार? बुटकी पास झाली.

घरी आल्यावर बापलेक दोन भिंतींकडे तोंड करून बसले. मग चिमणीच भडकली.

"बाबा, सगळ्यांसमोर का ओरडलात? आधीच म्हणतात मी मास्तरांची लाडकी आहे."

"खोटं का बोललीस तू?"

"खोटं नाही बोलले!"

माझा संयम संपला. मी दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसले. "तू माझ्याकडे बघ. ब्रेक दाबलास तेव्हा पेडल कसं लागलं?"

"मऊ. नंतर एकदम खाली गेलं. तळापर्यंत."

"मग तसं सांगितलं का नाहीस, बाई?"

"मला वाटलं, पायच चुकला असेल." तिने ह्यांच्याकडे न बघता सांगितलं. "गाडीला दोष देणाऱ्याला बाबा घरी पाठवतात ना."

हे खिडकीकडे गेले. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशीही बघितलं नाही, कारण ह्यांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद कुणाकडे मागायची?

दुसऱ्या दिवशी चिमणी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून आली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैदानावर एक बोललीस. घरी जाऊन बाबांशी बोलल्यावर दुसरं बोलतेस. मी कुठलं धरू?" त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हणूनच माझी नुसती चिडचिड होते. भांडायला समोर खलनायकसुद्धा नाही.

बुटक्या आल्या. सात-आठ, एका रांगेत, दिवे लुकलुकवत. फोटो निघाले. आणि आता हे रोज मैदानावर उभे राहून खात्याच्या सगळ्यात वेगवान गाडीत हळू कसं जायचं ते शिकवतात. सलग दोनदा करकचून ब्रेक लावले की तिसऱ्यांदा लावायची वेळ येऊ देऊ नका. पेडल मऊ लागलं की पाठलाग सोडा. "सोडा," हा शब्द उच्चारताना ह्यांचं तोंड कडू होतं. पोरं पाठीमागे हसतात. म्हणतात, मास्तर म्हातारे झाले.

परवा दुपारी चिमणी ड्यूटीवरून घरी आली, टोपी काढून बसली आणि म्हणाली, "बाबा, हातातोंडाशी आला होता. पुढच्या नाक्यावर गाठलाच असता. पेडल मऊ लागलं. सोडून दिला."

गस्तीत असताना ह्यांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं. एकदा तर मोडलेला हात घेऊन एकाला धरून आणला होता. हे तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, निदान उसासा तरी टाकणार.

"पान वाढ तिला," हे मला म्हणाले.

मी वाढलं. ती पहिला घास घेते न घेते तोच फोन वाजला. मी उचलला. साहेबच होते. सगळ्यात वेगवान गाडी हाताशी असताना माणूस निसटलाच कसा, मुलीला ताबडतोब फोनवर बोलवा, म्हणाले. चिमणी उठायला लागली. ह्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. बोलले मात्र मीच.

"साहेब, ती जेवतेय," म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.