चुंबळ

शाळेच्या कार्यक्रमात देणगीदारांना कुणी पाया म्हणत होतं, कुणी कणा, कुणी आधारस्तंभ. मी आईशेजारी बसले होते. बाजूच्या टेबलावर पाण्याचा माठ डुगडुगत होता. आई उठली. पिशवीतला टॉवेल पिळून तिने गोल चुंबळ केली आणि माठाखाली सरकवली. “आता नाही हलायचा,” ती म्हणाली.

याच शाळेच्या स्लॅबची घमेली तिने डोक्यावर अशीच चुंबळ ठेवून वाहिली. खांबावर निदान नाव कोरता येतं. चुंबळीवर कुठे कोरणार? भाषणांत तर तो शब्दही नव्हता.

मग नव्या मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव पुकारलं. लिहून आणलेलं भाषण मी आईच्या हाती दिलं, माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “चुंबळ.”