बारा उठाबशांचा सौदा

“दम सोडा, अण्णा. धरून ठेवायला ती काय जमीन हाय?”

मी भूगावात जमिनीचे सौदे करतो, म्हणून हा टोमणा. आणि मारणारा कोण? रिहे गावचा, मेंढ्यांमागं वाढलेला काटकुळा गडी. दंड माझ्या मनगटाएवढे, आणि फार्महाउसवाल्यांना व्यायाम शिकवायचा. असे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील. आधी अंग मोकळं करा, मग हळूहळू जोर वाढवा आणि मध्ये एक दिवस नुसते बसा. “ताकद आरामातच भरती,” म्हणायचा. आरामाचेही पैसे घेणारा धंदा मी दुसरा पाहिला नाही.

मला तो लेकीच्या लग्नासाठी लागला. कन्यादानाला पाटावर बसायचं, आणि माझे गुडघे खुर्चीतून उठतानाच दगा द्यायचे. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकद आणा. सायकलवर दुधाच्या किटल्या वाहून मी वर आलोय. सोयऱ्यांसमोर दोघांनी काखेत धरून उठवलेलं मला चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं मला खुर्चीवर बसवलं.

“उठा, बसा. हात टेकायचा न्हाई. वीस येळा.”

“आठ,” मी म्हणालो.

“अठरा.”

“धा. न्हाईतर चालायला लाग.”

“बारा करा. लई घासाघीस करता बुवा तुमी!”

खुर्ची गेली, स्टूल आलं. स्टूल गेलं, चौरंग आला. बैठक खाली जात राहिली. दर वेळी तो मोठा आकडा फेकायचा आणि मी पाडायचो. त्या दिवशीचा चहा मला बिनसाखरेचाही गोड लागायचा.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ओट्यावर तो माझ्या बायकोला सांगत होता, “काकी, अण्णांकडनं बारा काढून घ्यायच्या, तर वीस सांगायच्या. बारा म्हटलं तर पाचावर आणत्यात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या तालुक्यात मला आकड्यात कोणी फसवलं नव्हतं.

“मला गंडवतो व्हय रं? नीघ हितनं!”

“गंडवलं की. पन मांड्या तुमच्याच भरल्या न्हवं?” वहाणा घातल्या आणि गेला. निर्लज्ज!

लग्नात पाटावर बसलो. भटजींनी विधी ताणायचा तेवढा ताणला. उठायच्या वेळी मेहुणा हात द्यायला पुढं आला, त्याला मी डोळ्यांनीच मागं सारला आणि उभा राहिलो. हात न टेकता. लेक रडता रडता हसली. पत्रिका धाडूनही तो काटकुळा गुरुजी मात्र जेवायलासुद्धा आला नाही.

आठवड्यानं मीच फोन केला. मी! “उद्यापासनं ये की.”

“नको, अण्णा. तुमचं तुमी उठताय. आता माझं काय काम?”

सांगा, धंदा असा करतात? बांधलेलं गिऱ्हाईक यानं आपल्या हातानं सोडलं. बायको म्हणते, हल्ली धरणापलीकडं जातो, एका म्हातारीला न्हाणीतून एकटीनं उठायला शिकवतो. ती बिचारी त्याला देऊन देऊन काय देणार? पायलीभर तांदूळ?

गाढव लेकाचा.