तिसऱ्या आग्रहाची वाट

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी काही घेत नाही. पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला त्रास’, आणि तिसऱ्या आग्रहाला ‘बरं, अगदी थोडं’. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी मार्लिस क्वामे या बाबतीत गावाच्याही वरताण. घराला आग लागली असती तरी बंबवाल्यांना तिने आधी दोनदा नकोच म्हटलं असतं.

तिच्या मुलीला, सिग्नीला, नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. पण कॉलेजने देऊ केलेली मदत पाहून घरातल्यांचे चेहरे उतरले. वर्षाला नऊ हजार डॉलर कमी पडत होते. कॉलेजने कमाई धरली होती दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा कागदाची गिरणी चालू होती आणि मार्लिसचा नवरा वेंडेल तिथे फोरमन होता. आता गिरणीला कुलूप होतं आणि वेंडेल घरी.

फेरविचारासाठी सिग्नीने पत्र लिहिलं. ‘बाबांची नोकरी गेली’ हे वाक्य मार्लिसने खोडायला लावलं आणि ‘बाबांचं काम सध्या जरा कमी आहे’ असं घातलं. घरातसुद्धा ‘नोकरी गेली’ हे शब्द कुणी उच्चारत नव्हतं.

कॉलेजच्या आर्थिक मदत विभागातून मिसेस रिनाल्डींचा फोन आला, तेव्हा मार्लिस घरी एकटीच होती.

“तुमचं पत्र वाचलं. आम्ही चार हजार वाढवू शकतो.”

“अहो, छे! इतकं कशाला? आमचं चाललंय ठीक. कुणा गरजूला द्या.”

“किती मोठं मन तुमचं! बरं, तसं करते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्यांदा विचारणं आलंच नाही. मार्लिस कितीतरी वेळ फोन हातात धरून उभी होती.

संध्याकाळी सिग्नीने कपाळाला हात लावला. “ती बाई कुठली होती, आई?”

“न्यू जर्सीची म्हणाली.”

“अगं, तिकडे नाही म्हणजे नाही!”

“मी कुठे नाही म्हटलं? मी आपली रीत पाळली.”

सिग्नी भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “जाऊ दे. एक वर्ष थांबते. किराणा दुकानात पूर्णवेळ काम मिळेल.” एकच वर्ष म्हणून मार्लिसही एकेकाळी थांबली होती; ती अजून शाळेच्या त्याच स्वयंपाकघरात होती.

सकाळी तिने फोन उचलला. वेंडेल टेबलाशी मासेमारीचं रीळ दुरुस्त करत बसला होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती तळघराकडे निघाली, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “इथूनच कर.”

“कालचं मी उगाच बोलले,” मार्लिस फोनवर म्हणाली. “आम्हाला पैसे हवेत.”

“पण पत्रात तर काम जरा कमी आहे, एवढंच लिहिलंय,” मिसेस रिनाल्डी म्हणाल्या. “नेमकं काय झालंय?”

रिळाची करकर थांबली. मार्लिसने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. सव्वा वर्ष झालं. दुसरी मिळत नाही. माझ्या एकटीच्या पगारात भागत नाही.”

“अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत? गिरणीचं पत्र पाठवा, आजच नव्याने हिशेब करते. नऊ हजारांच्या आसपास जमावं. चालेल?”

“चालेल,” मार्लिस पहिल्याच फटक्यात म्हणाली.

फोन ठेवल्यावर मागे वळायचा तिला धीर होईना. इतक्या वर्षांत तिने वेंडेलला परक्यापुढे असं कधी उघडं पाडलं नव्हतं, आणि आज पाडल्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

खुर्ची सरकली. वेंडेल कॉफीचं भांडं घेऊन तिच्याजवळ आला.

“घेतेस?”

“अर्धा कप,” ती सवयीने म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “नाही. पूर्ण भर.”