विडीच्या धुराची परीक्षा

साठच्या दशकात मी यवतमाळात डिप्लोमाला होतो. द्रवयांत्रिकीचं पुस्तक अर्धं पाठ झालं होतं आणि जगातला प्रत्येक नळ मला विचारूनच वाहतो, असं वाटण्याचे ते दिवस होते.

एकदा गावी जाताना केळापूरजवळ एसटी बंद पडली, म्हणून मी पाणी प्यायला एका मळ्यात शिरलो. तिथे इंजिन धडधडत होतं, पण पंपातून थेंब येत नव्हता. लुगड्याचा काष्टा घातलेली, पन्नाशीची एक बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. मी विहिरीत डोकावून जाहीर केलं, “पाणी खोल गेलंय. पंप ओढू शकत नाही.”

“कालवर तं वढत होता नं!” म्हणत तिने विडी पेटवली आणि ती पाइपाच्या एकेका सांध्याजवळ, बाळाला तीट लावावी तशी हळूच नेली. तिसऱ्या सांध्याशी धूर सरळ आत ओढला गेला. ती खुदकन हसली.

“पंप नाही वढत, बापू. बाहीरची हवा पान्याले वर ढकलते. थेच आत घुसली, तं ढकलन कोन?”

इंजिन थांबवून तिने सांधा चिंधीने आणि चिकणमातीने लिंपला, आतली हवा निघावी म्हणून पंपात दोन घागरी पाणी ओतलं, पुन्हा हँडल मारलं. पाण्याची पहिली ओंजळ तिने मला दिली.

पुढे प्रात्यक्षिक परीक्षेत माझा पंप पाणी ओढेना. मी उदबत्ती मागितली तेव्हा सगळे हसले. धूर सांध्यात शिरला. सांधा लिंपून पंप चालू केला, तशी धार उसळून परीक्षकांचे बूट भिजले. तेही हसत म्हणाले, “कोणी शिकवलं हे?”

मी मोठ्या तोऱ्यात तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की गुरूचं नावच मी विचारलं नव्हतं.