'जतन झाले' म्हणण्याआधी

समोरचा बोलत असतानाच साठवणभाऊ संगणकाचं भिंतीवरचं बटण बंद करत. आधी सांगत नसत. पडदा काळा होई, खोली गप्प होई आणि सगळं पुन्हा सुरू होईपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत बसत. मग म्हणत, "आता काय उरलं ते पाहा. तेवढंच तुमचं."

अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं सॉफ्टवेअरचं लहानसं दुकान होतं. कोणत्याही कामात त्यांचा पहिला प्रश्न साठवणुकीचा असे, म्हणून हे नाव पडलं. अमरावतीत आम्ही काही जण गावरान भाज्यांच्या बियाण्यांची वेबसाइट उभारत होतो. कोणतं बी, कोणाच्या घरी आहे, कोणाकडून आलं, एवढंच तिच्यावर असणार होतं. मी वर्तमानपत्रातून आलेला, त्यामुळे मजकूर माझ्याकडे. प्रोग्रॅम अश्विनीकडे, पुण्यात काही वर्षं नोकरी करून ती घरी परतली होती. भाऊ आम्हाला सल्ला द्यायला दर सोमवारी अकोल्याहून एसटीने येत.

वाद डेटाबेसचा होता. अश्विनीने असा डेटाबेस निवडला होता, ज्यात प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा असू शकतो. नोंदी मेमरीत राहणार आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरणार. भाऊंना साधी टेबलं हवी होती, आणि प्रत्येक नोंद तिथल्या तिथे डिस्कवर.

"भाऊ, पान उघडेपर्यंत लोकं थांबत नाहीत," अश्विनी म्हणाली.

"वांग्याचं बी आहे, बाई. त्याले काहून पळवून राहिली?"

"आणि तुमच्या टेबलात माणसाची गोष्ट मावत नाही."

भाऊ थांबले. "हे मात्र तू बराबर बोलली," म्हणाले आणि चहा मागवला. वादात हरले की चहा तेच मागवत. अश्विनीची पद्धत काही दिवस चालवून बघायचं ठरलं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं तिवस्याला सिंधूबाईंच्या मळ्यात गेलो. रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता. सिंधूबाई सत्तरीपुढच्या. त्यांच्याकडचं फिकट, काटेरी वांगं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. ते बी ज्या पाच बायकांच्या हातून त्यांच्यापर्यंत आलं, त्यांची नावंही आता त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात पाचही सांगितल्या. कोण कोणत्या गावची, कोण पायाने अधू, कोण फटकळ. मळ्यात वारा नव्हता. मी लॅपटॉपवर टिपत होतो, नोंद इंटरनेटवरून थेट अमरावतीच्या ऑफिसातल्या संगणकावर जात होती. पडद्यावर 'जतन झाले' आलं, म्हणून मी वही काढली नाही.

संध्याकाळी ऑफिसात आलो तेव्हा कळलं, दुपारी तिथली वीज गेली होती. तिथल्या इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली. नोंद कुठेच नव्हती. 'जतन झाले' असं पडद्यावर आलं, तेव्हा नावं डिस्कवर पोचलीच नव्हती.

भाऊंनी अश्विनीला बोल लावला नाही. "'झालं' म्हणायच्या आधी व्हायला पाहिजे," एवढंच म्हणाले. ते बातमीदारालाही लागू होतं.

आम्ही पुन्हा तिवस्याला गेलो. सिंधूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय पेपरवाले, तुमच्या मशिनीनं माह्या सासूले गिळलं म्हणते?" मग हसणं थांबवून म्हणाल्या, "ते एका दमात याद येते. मागितलं का नाही येत." त्यांनी राखेत ठेवलेल्या बियांचं मडकं दाखवलं. अर्धं बी लेकीच्या घरी होतं. "इथलं किडलं त तिथून आणतो." भाऊंनी ते मडकं बराच वेळ हातात धरून ठेवलं.

परतताना निर्णय झाला. बाई, बी आणि कोणी कोणाला दिलं, यांची साधी टेबलं. सांगणारीची गोष्ट तिच्या शब्दांत जशीच्या तशी, एका मोठ्या रकान्यात, ते अश्विनीचं. नोंद अमरावतीच्या डिस्कवर आणि अकोल्यातल्या दुसऱ्या यंत्रावर, अशी दोन्हीकडे पोचल्याखेरीज 'जतन झाले' दिसणार नाही. पान हळू झालं. कोणी तक्रार केली नाही.

नावं मात्र गेली होती. भाऊ सोमवारी अमरावतीत न थांबता थेट तिवस्याला जाऊ लागले.

"काय करता तिथं?" अश्विनीने विचारलं.

"बसतो. वांगे निवडू लागतो."

"विचारत नाही?"

"नाही."

चौथ्या सोमवारी ते दुपारीच ऑफिसात आले. चपलांना काळी माती होती. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सांगू लागले. "मंजुळा. तिच्यापासून ठकू. मग एक बाई. ते काही सिंधूबाईले गवसली नाही. मग भागी. भागीपासून गोदा, सिंधूबाईची सासू."

"मग चारच टाकते," अश्विनी म्हणाली. "ठकूपासून थेट भागी."

"ठकू मेली तवा भागी जन्मली नव्हती. मधी कोणी होतं म्हणून त बी आलं."

"नावाशिवाय नोंद कशी करू, भाऊ?"

"तिले तिची ओळ दे."

नाव भरलंच पाहिजे, ही अट अश्विनीने त्या दुपारी टेबलातून काढली.

पुढे भाऊंनी दुकान आवरलं आणि ते लेकीकडे नाशिकला राहायला गेले. तिथेच गेल्या वर्षी वारले. तिसऱ्या बाईचं पान वेबसाइटवर आहे. नाव नाही, गाव नाही. ठकूकडून घेतलं, भागीला दिलं, एवढं आहे.